अक्षताची आणेवारी

१८ सप्टेंबर

माझी नात कुमारी अक्षता ही मराठी वाङ्मयात एम. ए. असून तिने विद्यापीठाची ‘पेट’ नावाची प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण केली आहे. आता तिला पीएच. डी.साठी प्रवेश मिळेल किंवा नाही, याचा अंदाज घरातील प्रत्येक जण सांगत आहे आणि एकाचाही अंदाज दुसऱ्याशी जुळत नाही. तिचे वडील, म्हणजे आमचे चिरंजीव संघपाल, जालन्यात एका बियाणे कंपनीच्या कचेरीत कारकून आहेत. त्यांनी तेथेच तिच्यासाठी शब्द टाकून ठेवला आहे. डिसेंबरअखेर प्रवेश झाला तर उत्तम, अन्यथा जानेवारीपासून तिने कंपनीत रुजू व्हावे, असे ठरले. दुसऱ्या खेपेची वाट पाहणे होणार नाही, हेही ठरले. अक्षताने मान हलवली. ती कशी हलली ते मी पाहिले आणि हा अंदाज पद्धतशीरपणे कोणीतरी घेतला पाहिजे, असे मला वाटले.

मी, सर्जेराव, चौथी उत्तीर्ण आहे. त्या चार इयत्तांत जे शिकलो ते पक्के शिकलो. या गावाचा कोतवाल म्हणून सेवानिवृत्त झालो. तलाठी साहेबांसमवेत शेतोशेत हिंडून पिकांची आणेवारी होताना मी हजर राहिलो आहे. सोळा आणे म्हणजे भरपूर पीक. आठ आण्यांच्या खाली टंचाई. सरकार आता तिला पैसेवारी म्हणते, म्हणो. आधी सप्टेंबरात उभ्या पिकाकडे पाहून नजर आणेवारी, दिवाळीच्या सुमारास सुधारित आणेवारी आणि डिसेंबरात अंतिम. अक्षताच्या प्रवेशाचेही वेळापत्रक तसेच आहे. म्हणून या वहीत मी तिची आणेवारी करणार आहे.

इतरांचे बोलणे येथे शुद्ध करून लिहीन. गावातले बोलणे जसेच्या तसे लिहिल्यास वही खराब होते.

नजर आणेवारी: नऊ आणे.

२१ सप्टेंबर

पाराजवळच्या हॉटेलात मच्छिंद्र भेटला. तो शाळेत माझ्या मागे बसत असे. सारे गाव त्याला हसते आणि तो साऱ्या गावाला हसतो. अक्षताने पेट उत्तीर्ण केल्याचे मी त्याला सांगितले. त्याचे उत्तर केवळ नमुन्यादाखल जसेच्या तसे देतो: “पेट म्हंजी पोटच ना, कोतवाल? मंग ती परीक्षा आपन रोजच देऊन राह्यलो.” मंडळी हसली. मी चहा संपविला, कपबशी जागेवर ठेवली आणि उठलो.

सायंकाळी अक्षताचा फोन आला. ती शिक्षणासाठी संभाजीनगरला खोली घेऊन राहते. प्रवेशाचे विचारले तर म्हणाली, “काही खरं नाही, आबा.” या वाक्याचा मला अनुभव आहे. कमरेइतकी ज्वारी उभी असली तरी शेतकरी तलाठ्यापुढे हेच वाक्य बोलतो, कारण आणेवारी आठच्या खाली उतरली तरच सवलती मिळतात. म्हणून असे वाक्य ऐकले की दोन आणे वाढवून धरावयाचे असतात.

अकरा आणे.

२९ सप्टेंबर

अक्षताने काल सांगितले की सर्वांत मोठी अडचण गाईडची आहे. विद्यापीठात गाईडच मिळत नाही. बहुतेक भरलेली आहेत, एकाच गाईडकडे एक जागा रिकामी आहे आणि तिच्यावर पंधरा जणांचा डोळा आहे. ‘भरलेली’ आणि ‘रिकामी’ यांचा अर्थ मला लागला नाही. परंतु विचारले नाही. तुटवडा आहे एवढे कळले, आणि जी वस्तू संभाजीनगरात संपते ती पुष्कळदा जालन्यात मिळते, हा माझा अनुभव आहे.

आज सकाळी बदनापूर स्टेशनावरून रेल्वेने जालन्यास गेलो. पुस्तकांच्या एका मोठ्या दुकानात जाऊन पीएच. डी.चे गाईड द्या, मराठी विषयाचे, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. दुकानदार तरुण होता. त्याने माझ्याकडे पाहिले, माझ्या टोपीकडे पाहिले आणि हसणे गिळून म्हणाला, “बाबा, दहावीचं आहे, बारावीचं आहे. पीएच. डी.चं गाईड चालतं-बोलतं असतं. त्याला पगार असतो.”

मला हे ठाऊकच होते अशा रीतीने मी मान डोलावली आणि बारावीचे मराठीचे गाईड द्या म्हणालो. ते विकत घ्यावे लागले. घरी आणून ट्रंकेमागे ठेवले. आमच्या सौभाग्यवती चांगुणाबाई यांनी ते झाडताना पाहिले असावे, कारण दुपारी त्यावर धुतलेले फडके झाकलेले होते.

परंतु रेल्वेत बसून मी बराच वेळ विचार केला. एका विद्यार्थ्यासाठी एक संपूर्ण मनुष्य. तो मनुष्य तीन-चार वर्षे त्या एकट्या विद्यार्थ्याचे लिहिलेले वाचीत राहणार. आमच्या शाळेत चार वर्गांना मिळून एक गुरुजी होते आणि तेही पेरणीच्या दिवसांत येत नसत. असे काही जगात असते याची मला कल्पना नव्हती.

गाईड हे मनुष्य असल्याने त्याच्या मनाचा भरवसा देता येत नाही. आठ आणे.

४ ऑक्टोबर

धरण भरले असून दुधनेला पाणी सोडणार आहेत. ग्रामपंचायतीने रिक्षावर भोंगा लावून कळविले की नदीकडे जाऊ नका, पाणी येत आहे. याला सूचना म्हणत नाहीत. असे तर शेजारीण शेजारणीला सांगते.

माझ्या कारकिर्दीत अशी वेळ आली तेव्हा मी दिलेली दवंडी मला अजून मुखोद्गत आहे: “तमाम ग्रामस्थांस कळविण्यात येते की, धरणाचे दरवाजे उघडण्यात येत असल्याने नदीपात्रात उतरण्यास सक्त मज्जाव करण्यात येत आहे.” हा मजकूर तलाठी साहेबांनी एकदा वाचून दाखविला आणि मी तो एका अक्षराचाही फरक न करता चावडीच्या पायरीवरून सांगितला. परिणाम असा झाला की त्या दिवशी गावातील एकही मनुष्य नदीत उतरला नाही. शुद्ध भाषेचा वचक असतो तो असा.

हलगी वाजविण्यास मी नोकरीच्या पहिल्याच दिवशी नकार दिला होता. सरकारी आदेशाला हलगीची गरज नाही, मनुष्याचा आवाज पुरे. माझे वडील त्या पायरीखाली उभे राहत आणि आयुष्यभर त्यांनी तेथे “जी” एवढाच शब्द उच्चारला. मी पायरीवर उभा राहून “करण्यात येत आहे” म्हणालो. कोणाला चूक काढावयास मी एकदाही जागा ठेवली नाही.

चांगुणाबाईंचा एक दोष येथे नोंदवितो. दवंडी आटोपून मी घरी येई तेव्हा त्या घरी नसत. पदर खोचून घरोघरी गप्पांना गेलेल्या असत. भाकरी गार होऊन जाई. मी पुष्कळदा समज दिली. उपयोग झाला नाही.

२३ ऑक्टोबर

अक्षता आली. पिशवी ओट्यावर ठेवून सरळ आजीच्या मांडीवर डोके ठेवून निजली, यावरून मी काय ते ओळखले.

ज्या गाईडकडे जागा रिकामी आहे त्यांचे नाव शरयू मॅडम. अक्षताने त्यांना आपल्या विषयाचा आराखडा दाखविला होता. विषय ‘ग्रामीण कादंबरीतील स्त्रीजीवन’ असा होता आणि मला तो ऐकताक्षणी भारदस्त वाटला होता. मॅडमनी आराखडा दोन वेळा वाचला. लिहिले छान आहे, पण यावर पुष्कळांनी काम केले आहे, तुझी गॅप कुठे आहे, असे त्यांनी विचारले. अक्षताला उत्तर देता आले नाही. महिन्याभराने समितीपुढे मुलाखत आहे. तोवर दुसरा विषय सुचला तर पाहू, असे त्या म्हणाल्या.

गॅप म्हणजे काय ते मी या वेळी विचारले. अक्षता म्हणाली, “जे अजून कुणी बघितलंच नाही, ते.”

“म्हणजे गाळलेल्या जागा भरा.”

ती आल्यापासून प्रथमच हसली. “तेच, आबा. फक्त जागा कुठं गाळलीय, तेही आपणच शोधायचं.”

मी ‘शुद्धलेखनाची आवश्यकता’ हा विषय सुचविला. तिने तो आदराने ऐकून घेतला. चांगुणाबाईंनी विचारले की त्या बाईंना हवे तरी काय आहे. जे पुस्तकात आलेले नाही ते हवे, असे अक्षताने सांगितले. त्यावर चांगुणाबाई म्हणाल्या की मग त्यात अवघड काय, जगातील बहुतेक सर्व पुस्तकाच्या बाहेरच आहे. (मूळ वाक्य यापेक्षा पुष्कळ आखूड होते.)

संघपालचा फोन येऊन गेला. कंपनीचे साहेब विचारीत आहेत, असे ते म्हणाले. अक्षता “हो पप्पा” एवढेच म्हणाली.

सुधारित आणेवारी: चार आणे. टंचाई जाहीर करण्यासारखी स्थिती आहे.

३ नोव्हेंबर

दिवाळीच्या सुट्टीत अक्षता येथेच आहे. परवा तिने मला विचारले की आबा, तुमच्या दवंड्या अजून आठवतात का. मी कोट घातला, टोपी घातली आणि तिच्या मोबाईलपुढे उभा राहून आठवल्या तितक्या सर्व दवंड्या म्हटल्या. लसीकरणाची, मतदारयादीची, मोकाट जनावरांची आणि शेवटी नदीची. ती भिंतीला टेकून ऐकत होती. नदीच्या दवंडीपाशी तिने डोळे मिटले. एवढ्या लक्षपूर्वक माझी दवंडी पूर्वी कोणी ऐकल्याचे स्मरत नाही.

नंतर तिने चांगुणाबाईंना विचारले, “आजी, आबांची दवंडी झाली की तू काय करायचीस?”

त्या गप्पांना जात, असे मी सांगितले. अक्षता आजीकडे पाहत राहिली. मग मला म्हणाली, “आबा, तुम्ही जरा पाराकडं जाऊन येता का?”

मी गेलो. त्या दिवसापासून दोघी चुलीपाशी बसून असतात. चांगुणाबाई बोलतात, मोबाईल पाटावर ठेवलेला असतो. मध्येच हसण्याचा आवाज येतो. मी आत गेलो की दोघी गप्प होतात आणि चांगुणाबाई मला चहा विचारतात. शासकीय आदेशांविषयी माहिती हवी असता ज्याने ते आदेश सांगितले त्याला बाहेर पाठवावे आणि ज्या व्यक्तीचा त्यांच्याशी संबंध नाही तिला विचारीत बसावे, ही पद्धत मला समजत नाही. मी तसे बोललो. अक्षता म्हणाली, “तुम्ही असलात की आजी शुद्ध बोलायला बघते, आबा. मग तिला काहीच सांगता येत नाही.”

नवा विषय कोणता ते तिने सांगितले नाही. आधी मॅडमना पाठविते म्हणाली.

आणेवारी तूर्त स्थगित.

२८ नोव्हेंबर

आज मुलाखत झाली. अक्षताने मला सोबत नेले होते. तिच्या वडिलांना रजा नव्हती. परंतु तिने त्यांना विचारलेच नव्हते, असे मला नंतर कळले.

मुलाखती चालू असताना ती मला विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसवून गेली. तेथील कर्मचाऱ्यास मी विनंती केली की पूर्वी ज्यांनी पीएच. डी. केली त्यांचे लिखाण कोठे असते ते दाखवावे. त्याने एका दालनाकडे बोट दाखविले.

मी येथे अतिशयोक्ती करीत नाही. भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, जमिनीपासून हात पोहोचणार नाही इतक्या उंचीपर्यंत, जाड पुठ्ठ्याचे काळे आणि तांबडे ग्रंथ उभे होते. प्रत्येकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरांत एका मनुष्याचे नाव. मी टोपी काढली. काढावयास हवी होती किंवा नाही, ते माहीत नाही. एक ग्रंथ काढून पाहिला. तो सबंध ग्रंथ मराठीतील ‘च’ या अक्षराविषयी होता. मीच, तूच, आताच, यातील ‘च’. तो कोठे लागतो, का लागतो, लागला की मनुष्याच्या मनात काय असते. कोणीतरी आपल्या आयुष्याची वर्षे देऊन त्या एका अक्षराजवळ बसून राहिले होते. मी आयुष्यभर तो ‘च’ वापरला आणि एकदाही थांबून त्याच्याकडे पाहिले नाही. ग्रंथ मी दोन्ही हातांनी जागेवर ठेवला. त्या दालनात माझ्याखेरीज कोणी नव्हते, तरी सर्व जण उपस्थित आहेत असे वाटत होते.

परतीच्या रेल्वेत खिडकीजवळ जागा मिळाली. गाडी सुटल्यावर अक्षताने सर्व सांगितले. तिचा नवा विषय असा आहे: ‘दवंडी आणि तिचे बोलीतील पुनर्कथन’.

समितीत शरयू मॅडम धरून चार जण होते. त्यातील एका सरांनी विचारले की हे वाङ्मय आहे काय. अक्षताने बोलण्याऐवजी मोबाईल लावला. आधी माझा आवाज. नदीची दवंडी. ती संपल्यावर तेच सर म्हणाले की काय भाषा आहे, आता अशी ऐकायला मिळत नाही. मग तिने आजीचा आवाज लावला.

एवढे सांगून तिने मोबाईल माझ्या कानाशी धरला.

चांगुणाबाई सांगत होत्या की त्या दिवशी माझी दवंडी संपली आणि त्या आडावर गेल्या, तो तेथे सर्व बाया धुण्याची बोचकी बांधीत होत्या. आज नदीवर मज्जा आहे, सर्जेरावांनी सरकारातून सांगितले आहे, असे त्या एकमेकींना म्हणत होत्या. पोरे उघडी होऊन पळत सुटली होती. ‘मज्जाव’ हा शब्द गावाने पूर्वी ऐकलेला नव्हता. ऐकू आले त्यातील ओळखीचे तेवढे प्रत्येकाने घेतले.

चांगुणाबाई धावत उतारापाशी गेल्या आणि तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काठी, हातात घेऊन वाटेत उभ्या राहिल्या. पाणी येऊन जाईपर्यंत त्यांनी कोणालाही खाली उतरू दिले नाही. आणि त्या दिवसापासून प्रत्येक दवंडीनंतर त्या घरोघरी गेल्या. लसीकरण म्हणजे कोणाला सुई टोचणार, मोकाट म्हणजे कोणाचे जनावर, यादीत नाव नसले तर कोणाकडे जायचे. ज्या घरात जसे बोलतात तसे सांगितले. मी सेवानिवृत्त होईपर्यंत.

“सगळे गप्प होते,” अक्षता म्हणाली. “मला वाटलं, संपलं. मग शरयू मॅडम म्हणाल्या, पुन्हा लाव.”

“लावलेस?”

“तीनदा लावलं, आबा.”

बाहेर कापसाची शेते जात होती. मला जालन्याचे पुस्तकांचे दुकान आठवले. ‘भरलेली’ आणि ‘रिकामी’ म्हणजे काय, हे मला कळले नव्हते तरी मी विचारले नव्हते, आणि त्या दुकानात मान डोलावली होती. पायरीखाली उभे असलेले सारे गाव माझ्यापुढे अशीच मान डोलावीत असे. ती मान मी वचकाची समजत होतो.

बदनापूर जवळ आल्यावर अक्षताने विचारले, “राग आला?”

मी म्हणालो, “मज्जाव हा शब्द शुद्ध आहे.”

“हो,” ती म्हणाली. “शब्द बरोबरच होता.”

२९ नोव्हेंबर

खात्री करून घ्यावी म्हणून सकाळी मच्छिंद्रकडे गेलो. तो गोठ्यात होता. त्याला दिवस लगेच आठवला. “मी तर बैलं धुवायला घेऊन गेल्तो. तूच सांगून राह्यला मज्जा हाय म्हून. वहिनीनं माझ्या बैलाच्या तोंडावर तुराटी हानली, बैल माघारी पळाला, मी बैलामागं. अन् पाणी आलं की मंग. झाडं उपटून आल्ती त्या पाण्यात, कोतवाल.” मग त्याने हातातील वैरण खाली ठेवली. “तुला न्हाई ठाऊक? बिलकुल न्हाई?” असे त्याने दोनदा विचारले.

घरी आलो. चांगुणाबाई तांदूळ निवडीत होत्या. मी समोर बसलो आणि विचारले की इतकी वर्षे मला हे का सांगितले नाही. एकदा सांगितले असते तर मी मजकूर सोपा करून सांगितला असता.

त्यांनी जे उत्तर दिले ते शुद्ध करून लिहावयास मी दुपारपासून बसलो आहे. शुद्ध केले की ते उत्तर राहत नाही. म्हणून वही खराब होत असली तरी जसेच्या तसे लिहितो:

“तुमी त्या पायरीवर हुबं राहून सायबावानी बोलायचे. समदं गाव खाली हुबं राहून ऐकायचं. ते तसंच व्हायला पाह्यजे हुतं. कळायचं काय, ते मी बघत हुते.”

एवढे सांगून त्यांनी सूप पाखडले आणि मला बाजूला सरकावयास सांगितले, कारण उजेड अडत होता.

९ डिसेंबर

विद्यापीठाकडून काही कळलेले नाही. पंधरा जणांची मुलाखत झाली आणि जागा एक. संघपालच्या कंपनीने एक जानेवारीस हजर व्हावे असे सांगितले असून, टेबल व खुर्चीही ठरली आहे. अक्षता हसून म्हणाली की निदान खुर्ची तरी पक्की आहे. नंतर ती अंगणात जाऊन बराच वेळ दोरीवरचे वाळलेले कपडे पुन्हा झटकीत होती.

ट्रंकेमागील बारावीचे गाईड तिच्या हाती लागले. ते कसे आले हे तिने विचारले नाही. चांगुणाबाईंनी तिला सांगितले असावे. तिने ते आपल्या पिशवीत घातले आणि म्हणाली, “आबा, हे मला लागणार आहे.” पीएच. डी. करू पाहणाऱ्या मुलीला बारावीचे पुस्तक कशासाठी लागेल ते मला कळले नाही. परंतु मी या वेळीही विचारले नाही. कारण मात्र पूर्वीचे नव्हते.

आणेवारी मांडण्याचा प्रयत्न केला. जमले नाही. उभ्या पिकाचा अंदाज मला करता येतो. परंतु हे पीक कोणत्या शेतातले आहे हेच मी आजवर ओळखले नव्हते. जे माझ्या घरात दररोज चुलीपाशी बोलले जात होते आणि जे मी दररोज दुरुस्त करीत होतो, ते ऐकण्यासाठी विद्यापीठातील चार विद्वान तीन वेळा गप्प बसले. यास किती आणे म्हणावे?

१६ डिसेंबर

दुपारी चार वाजता अक्षताच्या मोबाईलवर यादी आली. तिने ती वाचली आणि मोबाईल माझ्या हाती दिला. मी चष्मा पुसून वाचले. मराठी विभाग. मार्गदर्शकाच्या रकान्यात शरयू मॅडमचे नाव. त्याच्या पुढे अक्षताचे. दोन्ही नावांतील सर्व अक्षरे शुद्ध होती.

संघपालला फोन लावला. ते म्हणाले, साहेबांना मी सांगतो, तिला काही बोलू नका. त्यांचा आवाज मी इतका बारीक कधी ऐकला नव्हता.

अंतिम आणेवारी: सोळा आणे.

एवढे लिहून वही बंद करावी, असे ठरविले होते. परंतु सायंकाळी जे घडले तेही नोंदविले पाहिजे.

मी कोट घातला, टोपी घातली आणि चावडीकडे निघालो. चांगुणाबाई आणि अक्षता मागून आल्या. चावडीच्या जागी आता ग्रामपंचायतीची इमारत आहे. पायरी मात्र तीच दगडी ठेवली आहे. मी तिच्यावर उभा राहिलो. कापूस वेचून परतणाऱ्या बाया थांबल्या. हॉटेलातील मंडळी उठून आली. मी म्हणालो:

“तमाम ग्रामस्थांस कळविण्यात येते की, या गावची कन्या कुमारी अक्षता हिला विद्यावाचस्पती या पदवीच्या संशोधनार्थ विद्यापीठात रीतसर प्रवेश प्रदान करण्यात आला आहे.”

आवाज अजून पार वेशीपर्यंत जातो. सर्वांनी माना डोलावल्या. मी त्या माना एकेक करून पाहिल्या. मच्छिंद्रही डोलावीत होता.

मी पायरी उतरलो, चांगुणाबाईंजवळ गेलो आणि म्हणालो, “आता तू सांग.”

त्या संकोचल्या. पायरीवर चढावयास त्यांनी नकार दिला. तेथेच, बायांच्या मध्ये उभे राहून, पदर नीट करून त्या बोलल्या. यापूर्वी मी त्यांना असे बोलताना कधी ऐकले नव्हते, कारण तोवर मी घरी गेलेलो असे.

“आपल्या अक्षूला इद्यापीठानं बलावलंय गं. आपन कसं बोलतो ते तिथल्या लोकान्ला येत न्हाई. ती आता त्यान्ला शिकवायला चालली.”

बायांनी अक्षताला घेरले. कोणी तिच्या तोंडावरून हात फिरवून बोटे मोडली. मच्छिंद्रने डोक्याचा रुमाल काढून डोळ्यांना लावला आणि धूळ गेली म्हणाला.

चांगुणाबाईंनी दिलेली माहिती चुकीची होती. अक्षता तेथे शिकावयास जात आहे, शिकवावयास नव्हे. मी ती दुरुस्त केली नाही.